न्यूरोब्लास्टोमाच्या निदानात प्रतिपिंडे कशी निवडावीत आणि कशी वाचावीत

‘लहान, गोल, निळ्या पेशींची गाठ’ हे निदान नसून केवळ वर्णन आहे, आणि पॅथॉलॉजी विभागात नव्याने रुजू झालेल्या निवासी डॉक्टरची खरी अडचण या वर्णनापासूनच सुरू होते. न्यूरोब्लास्टोमा, लिम्फोब्लास्टिक लिम्फोमा, यूइंग सार्कोमा, रॅब्डोमायोसार्कोमा आणि विल्म्स या मूत्रपिंडाच्या गाठीचा ब्लास्टेमा, म्हणजे तिचा अपरिपक्व भाग, हे पाचही आजार नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात एकमेकांसारखे दिसू शकतात. त्यांचे उपचार मात्र पूर्णपणे वेगळे आहेत. अशा वेळी प्रतिपिंडांचा, म्हणजेच रोजच्या भाषेतील अँटिबॉडींचा, आधार घ्यावा लागतो. प्रस्तुत मार्गदर्शक निवासी डॉक्टरांसाठी आणि इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीच्या, अर्थात प्रतिपिंडांनी ऊतकातील ठरावीक प्रथिने रंगवून पाहण्याच्या आयएचसी या पद्धतीच्या, टेबलावर काम शिकणाऱ्या तंत्रज्ञांसाठी आहे. प्रतिपिंड आपण विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते, त्यामुळे प्रश्न आधी नीट ठरवायचा आणि मगच बाटलीला हात लावायचा, या क्रमाने पुढील पायऱ्या मांडल्या आहेत.

आधी गाठीची ओळख

न्यूरोब्लास्टोमा ही अनुकंपी चेतासंस्थेच्या अपरिपक्व पेशींपासून होणारी गाठ आहे. गर्भावस्थेत न्यूरल क्रेस्टमधून निघालेल्या पेशी मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या गँग्लिऑन साखळीत आणि अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यात स्थिरावतात. म्हणूनच ही गाठ बहुतेक वेळा पोटात, त्यातही अधिवृक्क ग्रंथीत, आणि त्याखालोखाल छातीच्या मागील भागात, मानेत किंवा ओटीपोटात आढळते. मेंदूबाहेरील घन गाठींमध्ये बालवयात हिचे प्रमाण सर्वाधिक असून बहुसंख्य रुग्ण पाच वर्षांच्या आतील असतात. १९१० साली जेम्स होमर राइट यांनी या गाठीचे उगमस्थान ओळखले आणि तिच्यातील पेशींच्या वर्तुळाकार मांडणीचे वर्णन केले; ती मांडणी आजही होमर राइट रोझेट या नावानेच ओळखली जाते.

ही गाठ एकसारखी नसते, हेही सुरुवातीलाच लक्षात घ्यावे. पूर्ण अपरिपक्व न्यूरोब्लास्टोमा हे एक टोक आणि परिपक्व गँग्लिऑन (चेतापेशींच्या गाठोड्यातील) पेशी व मज्जातंतूंना आवरण देणाऱ्या श्वान (Schwann) पेशींनी भरलेला गँग्लिओन्यूरोमा हे दुसरे टोक. गँग्लिओन्यूरोब्लास्टोमा या दोहोंच्या मधला. प्रतिपिंडांची खरी गरज पहिल्या टोकाला भासते, कारण दुसऱ्या टोकाचे निदान अनुभवी डोळ्याला साध्या स्लाइडवरही होते.

पायरी १ : मागणीपत्र वाचणे

हे काम दोन मिनिटांचे आहे, तरीही तेच सर्वाधिक टाळले जाते. मुलाचे वय महिन्यांत लिहिलेले आहे का, ते पाहावे. ‘दीड वर्ष’ असा मोघम उल्लेख पुरेसा नाही, कारण १८ महिन्यांची सीमारेषा पुढे वर्गीकरणात निर्णायक ठरते. गाठ नेमकी कोठे आहे, तिच्यात कॅल्शियमचे कण दिसतात का, ती मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढून वाढली आहे की मूत्रपिंडातूनच निघाली आहे, हे सीटी स्कॅनच्या अहवालावरून समजते. लघवीतील व्हीएमए आणि एचव्हीए या कॅटेकोलामिनच्या उपपदार्थांची पातळी वाढलेली असल्यास निदानाचा कल तेथेच स्पष्ट होऊ लागतो. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार ऊतकाच्या तपासणीतून निःसंदिग्ध निदान होते, किंवा अस्थिमज्जेत निश्चित गाठीच्या पेशी आणि त्याच वेळी लघवीत वाढलेले हे उपपदार्थ, एवढ्यावरही न्यूरोब्लास्टोमाचे निदान मान्य होते.

आणखी एक प्रश्न फोन करून विचारावा लागला तरी विचारावा: केमोथेरपी सुरू झाली आहे का? उपचारानंतर गाठीचे स्वरूप बदलते, पेशी परिपक्व झाल्यासारख्या दिसतात आणि अशा नमुन्याला अनुकूल किंवा प्रतिकूल अशी ऊतकीय श्रेणी देता येत नाही. त्या श्रेणी केवळ उपचारापूर्वीच्या नमुन्यासाठीच आहेत.

पायरी २ : ऊतकाची वाटणी आणि फॉर्मेलिन

सुईच्या बायोप्सीत मिळणारे ऊतक मोजकेच असते, आणि त्याच्यावर निदान, श्रेणी आणि जनुकीय तपासणी अशा तिघांचा हक्क असतो. नमुना ताजा मिळत असेल तर प्रथम त्याचे दोन-तीन स्पर्शठसे काचेवर घ्यावेत. या ठशांवर पेशी अखंड केंद्रकासह मिळतात, त्यामुळे एमवायसीएन जनुकाच्या फिश तपासणीसाठी, म्हणजे चमकत्या खुणांनी जनुकाच्या प्रती मोजण्यासाठी, ते उत्तम असतात. शक्य असल्यास एक तुकडा गोठवून ठेवावा आणि उरलेले ऊतक विनाविलंब १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, ऊतकाच्या किमान दहापट द्रवात, बुडवावे. साध्या पाण्यात फॉर्मेलिन मिसळून केलेले द्रावण कालांतराने आम्लधर्मी होते आणि मग केंद्रकातील प्रथिने नीट रंगत नाहीत. बाहेरून आलेल्या ब्लॉकवर, म्हणजे मेणात बसवलेल्या ऊतकावर, आयएचसी फिकी आली, तर दोष प्रतिपिंडाच्या माथी मारण्यापूर्वी ऊतक कोणत्या द्रवात आणि किती वेळ होते याची चौकशी करावी.

ब्लॉक कापताना सुरुवातीलाच एकदम १५ ते २० काचा घेऊन ठेवण्याची सवय लावून घ्यावी. प्रत्येक नव्या मागणीसाठी ब्लॉक पुन्हा मायक्रोटोमवर चढवला की पृष्ठभाग समतल करण्यातच ऊतक वाया जाते, आणि चौथ्या वेळी हाती केवळ मेण उरते. पहिल्या आणि शेवटच्या काचेला हिमॅटॉक्सिलिन-इओसिन द्यावे, म्हणजे मधल्या काचांमध्ये गाठ होती की नव्हती याचा पुरावा राहतो. आयएचसीसाठी ३ ते ४ मायक्रॉन जाडीचे छेद, चार्ज दिलेल्या काचांवर.

पायरी ३ : साधी स्लाइड पूर्ण वाचणे

प्रतिपिंडांची यादी लिहिण्याआधी साध्या स्लाइडवर तीन गोष्टी शोधाव्यात. पहिली म्हणजे पेशींमधील फिकट गुलाबी, तंतुमय न्यूरोपिल. ते निःसंशय दिसले तर अधिवृक्क भागातील गाठीचे निदान जवळजवळ झालेच, आणि मग प्रतिपिंडे पुष्टीपुरतीच लागतात. दुसरी म्हणजे रोझेट: होमर राइट रोझेटच्या मध्यभागी पोकळी नसते, तेथे न्यूरोपिलचा पुंजका असतो. तिसरी म्हणजे केंद्रक. न्यूरोब्लास्टोमाच्या केंद्रकात रंगद्रव्य, म्हणजे क्रोमॅटिन, मीठ-मिरी शिंपडल्यासारखे विखुरलेले असते आणि केंद्रकिका फारशी उठून दिसत नाही. मोठी, ठसठशीत केंद्रकिका दिसत असेल तर एमवायसीएनच्या प्रवर्धनाची, म्हणजे या जनुकाच्या प्रती वाढल्याची, शंका मनात धरून पुढे जावे.

सुईच्या बायोप्सीत पेशी चिरडल्या जातात आणि केंद्रकांतील रंगद्रव्य निळ्या रेघांसारखे ओघळते. अशा भागावर कोणतेही प्रतिपिंड वाचू नये. तेथे काहीही पॉझिटिव्ह दिसू शकते. स्लाइडवर जपून राहिलेला भाग शाईने खुणावून ठेवावा आणि प्रत्येक प्रतिपिंडाची काच नेमकी त्याच भागात वाचावी.

पायरी ४ : पहिले पॅनेल

नवोदितांचा कल दोन टोकांना जातो. एक तर सिनॅप्टोफायसिन आणि सीडी५६ एवढेच मागवून समाधान मानले जाते, नाहीतर एकाच वेळी अठरा प्रतिपिंडे लिहिली जातात आणि ऊतक संपते. पाच वर्षांच्या आतील मुलाच्या पोटातील अपरिपक्व, गोल पेशींच्या गाठीसाठी माझ्या मते पहिल्या फेरीत फॉक्स२बी, सिनॅप्टोफायसिन, सीडी९९, टीडीटी, डेस्मिन आणि मायोजेनिन पुरेसे ठरतात. गाठ मूत्रपिंडाला चिकटलेली असल्यास डब्ल्यूटी१ आणि पॅक्स८ जोडावेत. या यादीतील पहिली दोन प्रतिपिंडे न्यूरोब्लास्टोमाच्या बाजूने साक्ष देतात आणि उरलेली इतर आजारांची शक्यता तपासतात. त्यांचे निगेटिव्ह येणे हे पहिल्या दोघांच्या पॉझिटिव्ह येण्याइतकेच मोलाचे आहे, त्यामुळे ‘खर्च वाचवण्यासाठी फक्त न्यूरल मार्कर करू’ हा सल्ला ऐकू नये. ऐकलाच, तर पुढे दुसरी बायोप्सी करावी लागते आणि ती फार महाग पडते.

पायरी ५ : एकेका प्रतिपिंडाचे वाचन

फॉक्स२बी हे आज या निदानातील सर्वांत भरवशाचे प्रतिपिंड आहे. फॉक्स२बी हे स्वायत्त चेतासंस्थेच्या जडणघडणीचे नियंत्रण करणारे प्रथिन असून त्याचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे. त्याच जनुकातील जन्मजात दोषामुळे झोपेत श्वास मंदावणारा जन्मजात विकार होतो, आणि अशा काही मुलांमध्ये हर्शस्प्रुंग आजार व न्यूरोब्लास्टोमाही आढळतो. अनुकंपी वंशाशी असे घट्ट नाते असल्यामुळेच गाठ कितीही अपरिपक्व असली तरी फॉक्स२बी सहसा टिकून राहते. त्याचा रंग केवळ केंद्रकातच मोजावा. पेशीद्रवात पसरलेली तपकिरी छटा, विशेषतः केंद्रके निळीच राहिली असताना, पॉझिटिव्ह धरू नये. यूइंग, रॅब्डोमायोसार्कोमा, लिम्फोब्लास्टिक लिम्फोमा आणि विल्म्स गाठीत ते सहसा येत नाही. मात्र फिओक्रोमोसायटोमा आणि पॅरागँग्लिओमा हे त्याच वंशाचे असल्यामुळे त्यांच्यापैकी काहींत ते येऊ शकते. मोठ्या मुलात हे ध्यानात ठेवावे.

सिनॅप्टोफायसिन पेशीद्रवात कणीदार रंग देते आणि न्यूरोपिल तर ठळक उजळून निघते. अपरिपक्व गाठीत ते फिके, तुरळक किंवा पूर्ण निगेटिव्ह असू शकते. शिवाय काही यूइंग गाठींत आणि काही अल्व्हिओलर रॅब्डोमायोसार्कोमातही ते पॉझिटिव्ह येते. क्रोमोग्रॅनिन ए अधिक नेमके आहे. पण पेशीत स्रावक कण कमी असतील तर तेही कमी येते.

सीडी५६ बद्दल थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. ते न्यूरोब्लास्टोमात जवळजवळ नेहमीच ठळक येते, आणि म्हणूनच त्याचा मोह पडतो. परंतु तेच सीडी५६ रॅब्डोमायोसार्कोमात, विल्म्सच्या ब्लास्टेमात आणि काही ल्युकेमियातही येते. त्यामुळे एकट्या सीडी५६ वरून ‘न्यूरोब्लास्टोमा’ असे कधीही लिहू नये. अस्थिमज्जेत विखुरलेल्या पेशी शोधण्यासाठी मात्र ते उपयोगी आहे, आणि त्याचीही एक मर्यादा पुढे सांगितली आहे. एनएसई (न्यूरॉन-स्पेसिफिक एनोलेज) आणि पीजीपी९.५ ही जुन्या अहवालांत हमखास दिसणारी नावे याहूनही कमी नेमकी आहेत. एनएसईमधील ‘स्पेसिफिक’ या शब्दावर विसंबू नये, एवढेच.

एनबी८४ हे न्यूरोब्लास्टोमासाठीच तयार केलेले मोनोक्लोनल प्रतिपिंड. ते संवेदनशील आहे, पण काही यूइंग गाठींतही येते. टायरोसिन हायड्रॉक्सिलेज हे कॅटेकोलामिन तयार करणारे विकर असल्यामुळे त्याचे पॉझिटिव्ह येणे अर्थपूर्ण असते, मात्र अत्यंत अपरिपक्व पेशींत ते कधीकधी नसते. गाटा३ हे केंद्रकातील प्रतिपिंड बहुतांश न्यूरोब्लास्टोमात येते. पण ते टी-पेशींच्या लिम्फोब्लास्टिक आजारातही येत असल्याने नेमक्या ज्या दोन शक्यतांमध्ये आपण अडकलेलो असतो त्या वेगळ्या करण्यास ते अपुरे पडते.

एस१०० आणि सॉक्स१० गाठीच्या पेशी रंगवत नाहीत, तर त्यांच्या शेजारच्या श्वान पेशी रंगवतात. न्यूरोब्लास्टोमाच्या पुंजक्यांमधील पातळ पडद्यांत लांबट, बारीक एस१०० पॉझिटिव्ह पेशी दिसतात. श्वान पेशींचे ऊतक गाठीच्या निम्म्याहून अधिक असेल तर विचार गँग्लिओन्यूरोब्लास्टोमा किंवा गँग्लिओन्यूरोमाकडे वळवावा लागतो, आणि ते प्रमाण ठरवताना ही दोन प्रतिपिंडे डोळ्याला मदत करतात.

पायरी ६ : सोंग घेणाऱ्या गाठी

लिम्फोब्लास्टिक लिम्फोमात नवखे निवासी डॉक्टर बहुधा सीडी४५ या पांढऱ्या रक्तपेशींच्या सर्वसाधारण खुणेवर चुकतात. या आजारात सीडी४५ फिके किंवा पूर्ण निगेटिव्ह असू शकते आणि त्याच वेळी सीडी९९ पॉझिटिव्ह येते, म्हणून अहवाल यूइंगच्या दिशेने घसरतो. अपरिपक्व लिम्फॉइड पेशी दाखवणारे टीडीटी पहिल्याच फेरीत ठेवण्याचे कारण हेच. टीडीटी पॉझिटिव्ह आले की पॅक्स५, सीडी७९ए आणि सीडी३ करून पेशी बी की टी वंशाच्या, हे ठरवावे.

यूइंग सार्कोमात सीडी९९ पेशीपटलावर सर्वदूर, ठळक आणि एकसंध येते. न्यूरोब्लास्टोमात ते सहसा निगेटिव्ह असते. एनकेएक्स२.२ यूइंगच्या बाजूने कौल देते. तरीही अंतिम निदान ईडब्ल्यूएसआर१ जनुकाच्या तपासणीवर सोडावे. रॅब्डोमायोसार्कोमासाठी डेस्मिन पेशीद्रवात, तर मायोजेनिन आणि मायोडी१ केंद्रकात पाहावे. मायोडी१ ची पेशीद्रवातील छटा बऱ्याचदा दिसते आणि ती निरर्थक असते. विल्म्सच्या ब्लास्टेमात डब्ल्यूटी१ केंद्रकात येते. डेस्मिन केंद्रकाशेजारी ठिपक्यासारखे दिसले, सोबत केराटिनही आले आणि रुग्ण किशोरवयीन असेल, तर डेस्मोप्लास्टिक गाठीचा विचार करावा. काहीच जुळत नसेल तेव्हा आयएनआय१ करून पाहावे: रॅब्डॉइड गाठीत ते केंद्रकातून नाहीसे होते, आणि त्या काचेवर रक्तवाहिन्यांच्या पेशी रंगलेल्या असल्या तरच त्या ‘नाहीसे होण्या’ला अर्थ असतो.

पायरी ७ : अस्थिमज्जा

न्यूरोब्लास्टोमा अस्थिमज्जेत वारंवार पसरतो, आणि दोन्ही कटिअस्थींमधून ॲस्पिरेट (सुईने ओढलेली द्रव मज्जा) व ट्रेफाइन बायोप्सी (हाडासह काढलेला मज्जेचा तुकडा) असे एकूण चार नमुने घेण्याची पद्धत आहे. ट्रेफाइनवर किमान दोन वेगवेगळी प्रतिपिंडे लावावीत. माझी पसंती फॉक्स२बी आणि सिनॅप्टोफायसिन या जोडीला. एक केंद्रक रंगवते आणि दुसरे पेशीद्रव, त्यामुळे दोन्ही काचांवर एकाच जागी तेच पुंजके दिसले तर शंकेला वाव उरत नाही.

हाड मऊ करण्याची पायरी येथे सर्वाधिक घातक ठरते. तीव्र आम्लात ठेवलेल्या ट्रेफाइनमध्ये केंद्रकातील प्रथिने आणि डीएनए या दोहोंची हानी होते. परिणामी फॉक्स२बी खोटे निगेटिव्ह येते आणि फिश तपासणी तर अशक्यच होते. आम्लाऐवजी ईडीटीए हे कॅल्शियम काढून घेणारे सौम्य द्रावण वापरल्यास वेळ अधिक लागतो, पण नमुना टिकतो. बालरुग्णाच्या ट्रेफाइनसाठी प्रयोगशाळेत ईडीटीएचा वेगळा डबा ठेवावा आणि त्यावर तसे ठळक लिहावे.

आता प्रत्यक्ष वाचन. प्रथम कमी भिंगाखाली हाडांच्या पट्ट्यांमधील जागा पाहाव्यात. जेथे चरबी आणि रक्तपेशींची नेहमीची सरमिसळ तुटून तंतुमय, घट्ट भाग दिसतो, तेथे गाठ असण्याची शक्यता अधिक. मग ४० च्या भिंगाखाली फॉक्स२बीची काच ठेवून तपकिरी केंद्रके शोधावीत. ती दोन-दोन, तीन-तीनच्या घोळक्यात, कधी हाडाच्या पट्टीला बिलगून असतात. याच काचेवर लोहाचे, म्हणजे हिमोसिडरिनचे, कणही तपकिरीच दिसतात आणि घात करतात. फरक असा की लोहाचे कण भक्षक पेशींच्या पेशीद्रवात असतात, सोनेरी झाक मारतात, फोकस वरखाली केला की चमकतात, आणि प्रतिपिंड न लावलेल्या निगेटिव्ह कंट्रोलच्या काचेवरही तसेच हजर असतात.

सीडी५६ ची मर्यादाही येथेच समोर येते. हाड तयार करणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशी सीडी५६ पॉझिटिव्ह असतात, आणि वाढत्या मुलाच्या हाडांना त्यांची किनार भरपूर असते. हाडाच्या कडेने रांगेत उभ्या असलेल्या सीडी५६ पॉझिटिव्ह पेशींना गाठीच्या पेशी समजू नये. तसेच केमोथेरपीनंतर सावरणाऱ्या मज्जेत हिमॅटोगोन नावाच्या निरुपद्रवी, अपरिपक्व लिम्फॉइड पेशी वाढतात. त्या लहान, गोल आणि निळ्याच असतात, टीडीटीही देतात, पण फॉक्स२बी आणि सिनॅप्टोफायसिन निगेटिव्ह राहतात.

मज्जेचा किती टक्के भाग व्यापला आहे हे अहवालात आकड्याने लिहावे. १८ महिन्यांच्या आतील बाळात प्रसार त्वचा, यकृत आणि मज्जेपुरताच असेल आणि मज्जेतील प्रमाण १० टक्क्यांहून कमी असेल, तर तो एमएस या वेगळ्या टप्प्यात मोडतो, आणि त्या टप्प्यातील काही बाळांची गाठ आपोआप मागे हटते. ‘मज्जेत प्रसार आहे’ एवढेच मोघम वाक्य अशा बाळाला अनावश्यक तीव्र उपचारांकडे नेऊ शकते.

पायरी ८ : कंट्रोल

कंट्रोल म्हणजे प्रतिपिंड नीट काम करते की नाही हे दाखवणारे, आधीच माहीत असलेले ऊतक. फॉक्स२बीसाठी पूर्वी निश्चित झालेला न्यूरोब्लास्टोमा उत्तम. तो नसल्यास आतड्याच्या भिंतीतील गँग्लिऑन पेशी चालतात, त्यामुळे अपेंडिक्सचा ब्लॉक हाताशी ठेवावा. त्याच अपेंडिक्सवर सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, एस१०० आणि डेस्मिनही तपासता येतात. टीडीटीसाठी थायमस लागते. मायोजेनिनसाठी मात्र सामान्य स्नायू चालत नाही, कारण परिपक्व स्नायूत ते प्रथिन नसते. तेथे रॅब्डोमायोसार्कोमाचाच ब्लॉक हवा. ट्रेफाइनच्या तपासणीसाठी कंट्रोलचा तुकडाही हाड मऊ करण्याच्या त्याच प्रक्रियेतून, म्हणजे डीकॅल्सिफिकेशनमधून, गेलेला असावा, अन्यथा कंट्रोल देखणा रंगतो आणि रुग्णाची काच मुकी राहते, तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

पायरी ९ : निदानानंतरच्या तपासण्या

निदान झाल्यावर गाठीची श्रेणी लावावी लागते. शिमादा यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर आधारलेले आंतरराष्ट्रीय वर्गीकरण १९९९ मध्ये आले. त्यात मुलाचे वय, पेशींची परिपक्वता आणि मायटोसिस-कॅरिओऱ्हेक्सिस निर्देशांक यांवरून गाठ अनुकूल की प्रतिकूल हे ठरते. हा निर्देशांक ५,००० पेशींत मोजतात: १०० पेक्षा कमी तो निम्न, १०० ते २०० मध्यम आणि त्याहून अधिक तो उच्च. येथे केआय-६७ चे टक्के लिहून वेळ मारून नेण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. केआय-६७ विभाजनाच्या चक्रातील पेशी रंगवते, तर या निर्देशांकात विभाजित होणाऱ्या आणि विखंडित होऊन मरणाऱ्या अशा दोन्ही पेशी मोजल्या जातात, त्यामुळे एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

एमवायसीएन जनुकाचे प्रवर्धन साधारण पाचांतील एका गाठीत आढळते आणि ते आजार आक्रमक असल्याचे सांगते. त्याची मान्य तपासणी फिश हीच आहे: गुणसूत्र क्रमांक २ च्या संकेतांच्या तुलनेत एमवायसीएनचे संकेत चौपटीहून अधिक असतील तर प्रवर्धन धरतात. एमवायसीएन प्रथिनाचे प्रतिपिंडही मिळते आणि ते केंद्रकात ठळक आले तर फिश लवकर करून घेण्याची निकड कळते; परंतु ते निगेटिव्ह आले म्हणून फिश टाळता येत नाही.

एएलके प्रतिपिंड पॉझिटिव्ह आल्यास गोंधळू नये. ते ॲनाप्लास्टिक लिम्फोमाचे मक्तेदार नाही. न्यूरोब्लास्टोमातही हे प्रथिन व्यक्त होते. मात्र एएलके जनुकात उपचारयोग्य बदल आहे की नाही हे प्रतिपिंडावरून ठरत नाही, त्यासाठी जनुकाचे अनुक्रमण करावे लागते. मोठ्या मुलांत आणि किशोरवयीनांत एटीआरएक्स करून पाहावे. गाठीच्या केंद्रकांतून ते नाहीसे झालेले असणे हा संथ पण चिवट आजाराचा संकेत असतो, आणि रक्तवाहिन्यांच्या केंद्रकांतील रंग हाच येथेही आतला कंट्रोल.

जीडी२ बद्दल निवासी डॉक्टर वारंवार विचारतात, कारण डिन्युटुक्सिमॅब हे औषध याच लक्ष्यावर नेम धरते. अमेरिकेत त्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. जीडी२ हे प्रथिन नसून पेशीपटलावरील शर्करायुक्त मेद आहे. ऊतकावर प्रक्रिया करताना वापरले जाणारे अल्कोहोल आणि झायलीन मेद धुऊन काढतात, त्यामुळे मेणाच्या ब्लॉकवर ते विश्वासार्हपणे दिसत नाही. अस्थिमज्जेच्या ताज्या ॲस्पिरेटवर, इम्युनोसायटोलॉजीने किंवा फ्लो सायटोमेट्रीने, त्याचा फार चांगला उपयोग होतो. म्हणून ॲस्पिरेट घेण्यापूर्वीच रक्तविज्ञान विभागाला कळवावे.

पायरी १० : अहवाल आणि ब्लॉक

अहवालात प्रत्येक प्रतिपिंडासमोर ‘पॉझिटिव्ह’ एवढेच न लिहिता रंग केंद्रकात, पेशीद्रवात की पेशीपटलावर आहे, किती पेशींत आहे आणि कितपत ठळक आहे, ते लिहावे. निगेटिव्ह आलेल्या प्रतिपिंडांची नावेही लिहावीत. ऊतक अपुरे असल्यास तसे स्पष्ट नमूद करून ‘अपरिपक्व न्यूरोब्लास्टिक गाठ, उपप्रकार ठरविण्यास नमुना अपुरा’ असे लिहिणे योग्य. अंदाजाने श्रेणी देऊ नये.

महाराष्ट्रातील जिल्ह्यांतून अशी अनेक मुले पुढील उपचारांसाठी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात किंवा इतर मोठ्या केंद्रांत जातात, आणि ब्लॉक व स्लाइड बहुधा नातेवाइकांच्या पिशवीतूनच प्रवास करतात. ब्लॉक देताना तो उन्हात किंवा गाडीच्या काचेजवळ ठेवू नये, मेण वितळते, हे आई-वडिलांना सोप्या शब्दांत सांगावे. सोबत रंग न दिलेल्या किमान दहा काचा, साधी स्लाइड, आयएचसीच्या सर्व काचा कंट्रोलसह आणि अहवालाची प्रत द्यावी. कोणत्या फॉर्मेलिनमध्ये व किती तास ऊतक होते आणि हाड कोणत्या द्रावणाने मऊ केले, याची एका ओळीची नोंदही जोडावी. ती नसल्यामुळे तेथे फिश अयशस्वी झाली तर कारण शोधण्यात आठवडा जातो, आणि तोवर मुलाचे उपचार थांबून राहतात.